साडी फाडण्याआधी

मुलांनो,

गेल्या आठवड्यात तुमच्यातल्या थोरलीने मला एक फोटो पाठवला. लाकडी जमिनीवर माझी चौकटीची सुती साडी पसरलेली, चारी कोपऱ्यांवर जाड पुस्तकं ठेवलेली आणि मधोमध कात्री. खाली लिहिलं होतं, "आजी, फाडवत नाही." धाकट्याने लगेच माहिती पुरवली की ती रोज साडी पसरते, रोज बघत बसते आणि रोज घडी घालून ठेवते, घरात चालायला जागा राहिलेली नाही. दुकानात ब्लँकेट मिळत असताना हा प्रकार कशासाठी, असंही त्याने विचारलं.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ब्लँकेट मिळतं, ते घ्यावं. मीही घेतलेलं आहे. थोरलीचं मात्र फोनवर उरकण्यासारखं नव्हतं. तिला थंडीच्या तोंडावर बाळ व्हायचं आहे आणि त्याआधी त्या साडीचं दुपटं, म्हणजे बाळाला गुंडाळायची लहान गोधडी, आपल्या हाताने शिवून व्हावं असं तिला वाटतं. साडी एकच आहे. बिघडली तर दुसरी नाही. ही भीती मला ठाऊक आहे, कारण मी पहिली गोधडी शिवायला बसले तेव्हा माझ्यापुढेही एकच साडी होती. तेव्हा काय झालं ते लिहून ठेवते. बाळ आल्यावर तिला हे वाचायला सवड मिळणार नाही, म्हणून आत्ताच. तुम्ही दोघं मराठी वाचता, पण सावकाश, हे लक्षात घेऊन वाक्यं बेताची ठेवली आहेत.

मला साठीपर्यंत शिवणाची सुई धरता येत नव्हती. त्याचं कारण माझी आई. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करायचे आणि आई एका व्यापाऱ्याच्या गोदामात मिरच्या निवडायची. घरी आल्यावर हात धुऊन, पुन्हा धुऊन, ती गोधडीला बसायची. आमच्या घरात अंथरायला, पांघरायला, दाराला लावायला, सगळ्याला गोधडीच. हौस म्हणून नव्हे, दुसरं काही नव्हतं म्हणून. मी कधी शेजारी बसून सुई उचलली तर ती माझ्या हातातून काढून घ्यायची.

"सुई मी धरते. तू पुस्तक धर."

"दोन्ही धरीन."

"दोन्ही एकदम धरलं की दोन्ही टोचतं."

तिने हे ठरवून केलं होतं. वाडीतल्या बाकीच्या मुली भरतकाम, शिवण शिकल्या. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, सरकारी कार्यालयात लागले आणि अधिकारी होऊन निवृत्त झाले. फायलीच्या नाडीची गाठ सोडून दुसरी कुठलीही गाठ मला मारता येत नव्हती. तुमच्या बाबांच्या शर्टाची बटणं तुमचे आजोबा लावायचे.

आईकडे एक पांढरी सुती साडी होती, बारीक निळ्या काठाची. दर पौर्णिमेला विहारात वंदनेला जाताना ती नेसायची, एरवी नाही. नेसण्याआधी साडीला हलकी खळ द्यायची, म्हणजे तांदळाच्या पेजेत बुडवून काढायची. आल्यावर साध्या पाण्यातून काढून, वाळवून ठेवून द्यायची. हे मी लहानपणापासून पाहत आले होते. त्यामागे काही कारण असेल असं माझ्या मनात कधी आलं नाही.

आई गेल्यावर तिच्या वस्तूंची वाटणी वहिनीने केली. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. सरकारी रुग्णालयात ती परिचारिका होती, आईचं शेवटचं सगळं तिनेच केलं. ती माझ्याहून मोठी, तरी मला ताई म्हणते, आणि आम्ही एकमेकींना अहो-जाहो करतो. नेसत्या साड्या तिने गरजवंतांना देऊन टाकल्या. पांढरी साडी माझ्यापुढे ठेवली.

"ही तुम्ही घ्या."

"तुमचा हक्क जास्त आहे, वहिनी."

"मला ती आखूड होते," वहिनी म्हणाली. साडी आखूड कशी होईल, हे मी विचारलं नाही.

मी ती साडी माझ्या पद्धतीने जपली. धुतली, घट्ट खळ दिली, धोब्याकडून कडक इस्त्री करून आणली. कार्यालयात महत्त्वाचा कागद ठेवतात तशी काठाला काठ जुळवून घडी घातली, मलमलच्या कापडात बांधली आणि लोखंडी कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवली. खराडीच्या या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा सामानाच्या गाडीत न टाकता मांडीवर घेऊन आले. घडी मोडली नाही याचं मला समाधान होतं.

मग तुमचं परदेशी जायचं ठरलं. तुम्ही दोघं शाळेत होतात. घरात सगळीकडे बॅगा उघड्या पडलेल्या आणि मी नुकतीच निवृत्त, हाताला काम नाही. मी जाहीर केलं की मी तुमच्यासोबत एक गोधडी देणार, आईच्या साडीची.

"आई, तिथे सगळी घरं आतून गरम असतात," तुमचे बाबा म्हणाले.

"मग पायावर घ्या."

"तुला कुठे येते शिवायला?"

हे मात्र खरं होतं. मी पुस्तक आणलं. ते इंग्रजी होतं, परदेशातल्या पद्धतीचं, आणि त्याचा पहिला धडा असा होता की सगळं कापड आधी उलगडून तपासावं. एका सकाळी पलंगावर स्वच्छ चादर घालून मी साडी खाली काढली आणि घडी उलगडली.

ती उलगडली नाही. पहिल्याच घडीवर तुटली. मला वाटलं, दोन पदर वेगळे झाले असतील. दुसरी घडी उलगडायला गेले, तीही तुटली. आवाजसुद्धा झाला नाही. खळीसाठी आलेली कसर आतून घडीच्या रेषा खात गेली होती आणि जिथे कसर पोहोचली नव्हती तिथे इस्त्रीने मोडलेला धागा आपोआप सुटला होता. शेवटी, सर्वांत आतली घडी सोडली तर, माझ्यापुढे सारख्या मापाचे आयताकृती तुकडे पडले होते, एखाद्याने पट्टी लावून कापल्यासारखे. आईच्या अंगाला लागलेलं असं घरात तेवढंच होतं. तिचा फोटो आहे, पण तो एका समारंभातला, आणि त्यात ती ओळखू येत नाही.

मी वहिनीला फोन केला. ती येरवड्याहून बसने आली. हातपाय धुतले, चहा घेतला, मग पलंगाशी येऊन उभी राहिली.

"घडी छान घातली होती," ती म्हणाली.

मी तिचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"खळ कुणी दिली?"

"मीच."

"कसरीलाही जेवायला लागतं, ताई." मग तिने एक तुकडा उचलून पुन्हा ठेवला. "तुम्ही ही फाडायला घाबरत होतात ना?"

"हो."

"मग? ते काम झालं."

पुढे तिने जे केलं ते मी तुम्हाला नीट सांगते, कारण शिवणाच्या आधीचं हेच खरं काम आहे आणि माझ्या पुस्तकात ते नव्हतं. तिने एकेक तुकडा खिडकीपाशी नेला आणि उजेडाला धरला. दोन्ही हातांच्या चिमटीत पकडून हळूच ताणला, आधी उभा, मग आडवा. काही तुकडे ताणताच धागे सरकून जाळी झाली. काही तसेच राहिले. "यात जीव आहे," ती म्हणायची आणि तुकडा उजवीकडे ठेवायची. "यात नाही," आणि डावीकडे. कापडात जीव आहे की नाही हे आईही असंच बघायची, ते मला तेव्हा आठवलं. तोपर्यंत मी तो नुसता बोलण्याचा प्रकार समजत होते.

डावीकडचा ढीग मोठा झाला. मी विचारलं, "हे टाकायचे?"

"का? जीव नाही ते आत घालायचे. वरच्या कापडाला घासणं सोसावं लागतं, म्हणून तिथे जीव लागतो. आतलं कापड नुसतं पडून असतं. ऊब तेच देतं."

उजवीकडे थोडे तुकडे आणि एक सलग, मोठा भाग राहिला. तो पदर होता. घडीत सर्वांत आत असल्यामुळे तो वाचला होता, काठासकट. मी तो उचलून बाजूला ठेवला.

"हा नाही, वहिनी. हा ठेवायचा."

"बरं. कपाटात ठेवा. खळ घालून."

तरीही तो मी बाजूलाच ठेवला. बाकीचे तुकडे आम्ही कोमट पाण्यात भिजवून खळ आणि डांबराचा वास जाईपर्यंत धुतले आणि गॅलरीत वाळत घातले. शेजारच्या बाई त्यांच्या गॅलरीतून बघत होत्या. त्यांनी चौकशी केली आणि म्हणाल्या, "गोधडीला पांढरं? मळेल हो ते."

"मळेल," वहिनी म्हणाली. "मग धुऊ."

थोरले, तुझ्या फोटोत कपाटाजवळ नव्या कापडाचं एक पाकीटही दिसतं, फिकट पिवळं, छोट्या फुलांचं. नवं कापड असलं तर आधी दोनदा धू. त्यातही कारखान्याची खळ असते. एकाच गोधडीत नवं आणि जुनं न धुता घातलंस तर पहिल्या धुण्यात नवं आटतं, जुनं आटत नाही, आणि सगळी गोधडी सुरकुतते. जुनं कापड आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं. बाळाला पहिलं कापड जुनं घालतात त्याचं कारणही एवढंच, ते टोचत नाही. धाकटा याला सेकंडहँड म्हणेल. म्हणू दे. तोही वहिनीने शिवलेल्या अशाच दुपट्यात घरी आला होता.

दोरा आणायला मी शनिवार पेठेत गेले. दुकानदाराने माझ्याकडे न बघता विचारलं, "कशासाठी?"

"गोधडीसाठी."

मी निवडून ठेवलेलं चकचकीत रीळ त्याने उचलून परत फळीवर ठेवलं. "हा कापडापेक्षा मजबूत आहे."

"मग चांगलंच की."

"कापड फाटेल, दोरा राहील. दोऱ्याची गोधडी करायची आहे का?"

त्याने जाड सुती दोरा काढून दिला. सुती कापडाला सुती दोरा. हे त्याने फुकट सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आमच्या गोधडीत खाली माझी जुनी चादर होती. मध्ये वहिनीच्या विरलेल्या साड्या आणि आईच्या साडीचे जीव नसलेले तुकडे. वर माझ्या कार्यालयातल्या सुती साड्यांचे चौकोन आणि अधूनमधून पांढरे. हे सगळं जमिनीवर अंथरून कच्चे टाके घातले, म्हणजे थर एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून लांब लांब, पुढे काढून टाकायचे टाके. वहिनी जेवायला बसली तेवढ्यात मी पट्टी आणि पेन्सिल घेऊन सगळ्या गोधडीवर समांतर रेघा आखल्या.

ती हात पुसत आली. "रस्ता रुंदीकरण आहे का?"

"टाके सरळ येतील."

"येतील. पण पांघरणारा माणूस पट्टी घेऊन झोपत नाही."

तिने मला साधा धावदोरा दाखवला: सुई खाली, सुई वर, खाली, वर. काठाशी सुरू करायचं, चारी बाजूंनी फिरत जायचं आणि हळूहळू आत सरकत मध्यावर संपवायचं. माझ्या पुस्तकात मध्यापासून सुरू करून काठाकडे जायला सांगितलं होतं. मी तसं म्हणाले.

"त्यांची गोधडी त्यांच्या पद्धतीने शिवा. ही आपल्या."

"फरक काय?"

"त्यांची सुरकुती काठाकडे जाते. आपली मध्ये येते. म्हणून आपण प्रत्येक फेरीला हात फिरवतो." तिने तळहात सपाट ठेवून कापड दाबलं आणि मध्यापासून स्वतःकडे, काठाच्या दिशेने ओढत आणलं. "आणि दोरा ओढायचा नाही. झोपवायचा."

हे मी ऐकलं, पण हाताला समजलं नाही. वहिनी संध्याकाळी गेली. पुढचे कित्येक दिवस मी एकटी शिवत होते. तुमच्या आईची बांधाबांध चालू होती आणि थोरली मधूनमधून येऊन गोधडीवर लोळून जायची. मी प्रत्येक टाका ताणून बसवायचे, फायलीची नाडी आवळतात तसा. हात फिरवायला विसरायचे. टाके पेन्सिलीच्या रेघेवर अगदी सरळ येत होते आणि मी त्यावर खूश होते. काठ सपाट होता, दुसरी फेरी सपाट होती, दहावीही होती. मध्याजवळ आले तेव्हा तिथलं कापड वर उचललेलं होतं. हाताने दाबलं की बसायचं, हात काढला की पुन्हा वर.

पुढच्या खेपेला वहिनी आली. दारातूनच तिला ते दिसलं.

"ताई, कितवा महिना?"

आमच्याकडे याला गोधडीला पोट येणं म्हणतात. आतल्या थरांपेक्षा वरचं कापड जास्त उरतं आणि ते मध्ये गोळा होतं. नवशिक्या बाईच्या गोधडीला पोट येतंच. त्या शब्दात टिंगल आहे, पण तक्रार नाही. थोरले, तुझ्या दुपट्यालाही येईल. घाबरू नकोस. या महिन्यात तुझ्या घरात ते विचित्र दिसणार नाही.

मी कात्री घेतली आणि म्हणाले, सगळं उसवते आणि पुन्हा शिवते. वहिनीने कात्री माझ्या हातातून काढून घेतली, आई सुई काढून घ्यायची तशी.

"हे जुनं कापड आहे. सुईचं एकेक भोक त्याने सोसलंय. उसवलंत तर तेवढी भोकं राहतील आणि पुन्हा शिवलंत तर त्यांच्या शेजारी आणखी तेवढीच. आईची साडी राहील का त्यात?"

"मग हे असंच ठेवायचं?"

"माणसाला घातलेले टाके काढायचे असतात. हे नसतात." ती खाली बसली. मध्याभोवतीच्या शेवटच्या फेऱ्यांचे टाके तेवढे तिने सोडवले. उरलेलं कापड चिमटीत धरून चुणी घातली, एकीकडे झोपवली आणि हळूच शिवून टाकली. पोट बसलं. पण गोधडीच्या बरोब्बर मध्यावर एक वेडीवाकडी शिवण दिसू लागली, शस्त्रक्रियेच्या व्रणासारखी. "आता यावर ठिगळ लागेल. एकसंध पाहिजे, जोड चालणार नाही. आणि जीव असलेलं, सगळ्यात जास्त घासतं ते इथेच."

आम्ही दोघींनी उरलेल्या चिंध्या उलटसुलट केल्या. एवढ्या मापाचं काही नव्हतं. वहिनीने कपाटाकडे बघितलंही नाही. ती उठून चहा टाकायला गेली.

मी पदर काढला. उजेडाला धरला. ताणला, उभा, आडवा. जीव होता. एवढ्या वर्षांनी, कसर शेजारी जेवत असताना, त्यात जीव होता. कात्री घेऊन मी किती वेळ उभी होते ते माहीत नाही. चहाला उकळी आल्याचा वास आला.

"वहिनी, कशी कापू?"

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "कापू नका. काठाला कात्रीने नुसती चीर द्या आणि फाडा. कापड स्वतः सरळ जातं."

मी काठाला चीर दिली. दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. आवाज मोठा आला. बाहेरच्या खोलीत तुमचे बाबा फोनवर बोलत होते, ते थांबले. कापड धाग्याच्या रेषेत फाटत गेलं, माझ्या कुठल्याही पट्टीपेक्षा सरळ. तो आवाज हाच त्यातला सगळ्यात वाईट भाग आहे. तो संपला की हातात फक्त कापड असतं आणि त्याचं काय करायचं हे ठाऊक असतं.

पदराचा तो भाग आम्ही मध्ये लावला, निळा काठ एका बाजूला येईल असा. उरलेला पदर वहिनीने न विचारता दोन भागांत फाडून गोधडीच्या दोन कोपऱ्यांना घातला. "कोपरे आधी जातात," ती म्हणाली. मला त्यातला एखादा तुकडा तरी ठेवायचा होता. पण तोवर मी पुन्हा शिवायला बसले होते आणि यावेळी दोरा झोपवत होते.

गोधडी तुमच्या विमानाआधी पूर्ण झाली नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती अर्धवट, सुईसकट, माझ्या पलंगावर पडलेली होती. विमानतळावरून परत आल्यावर घर मोकळं होतं आणि मी शिवत बसले. ती पूर्ण झाली तेव्हा पाठवायचं कारण उरलं नव्हतं. तुमचं घर खरोखरच आतून गरम होतं. तुमच्या आईने फोनवर सांगितलं की तुम्ही थंडीत अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून फिरता.

काही वर्षांनी थोरली एकटी सुट्टीला आली आणि ती गोधडी घेऊन झोपली. सकाळी तिने विचारलं, "आजी, मध्येच हे एवढं मोठं पांढरं का?"

"खाली चूक आहे."

"मग हे डिझाइन नाही?"

"नाही."

तिने ठिगळावरून हात फिरवला आणि म्हणाली की तेवढाच भाग सगळ्यात मऊ आहे. ती परत जायला निघाली तेव्हा मी तिला माझी चौकटीची साडी दिली. कार्यालयात सोमवारी ती नेसायचे. खळ काढून, धुऊन, सैल गुंडाळून दिली, आणि सांगितलं की मधूनमधून उलगड, घडीची जागा बदल. ती नेसणार नाही हे मला माहीत होतं. नेसायला दिलीच नव्हती.

आता थोरलीला उत्तर. परवा वहिनी आली होती. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, मी ओवून देते. तिला फोटो दाखवला.

"फाडवत नाही म्हणते? मग इकडे पाठवून द्या म्हणावं. मी फाडते."

तसं करायची गरज नाही. साडी खिडकीशी ने, उजेडाला धर, ताणून बघ. मी ती पुष्कळ नेसलेली आहे, त्यामुळे निऱ्यांचा भाग, जिथे पाय लागायचा, तो विरलेला असेल. तो आत घाल. पदराच्या आणि खांद्याच्या भागात जीव असेल, तो वर घे. मध्ये चार थरांपेक्षा जास्त घालू नकोस, सुई आत जाणार नाही आणि तू चिडशील. पहिलं दुपटं लहानच कर. त्यावर पट्टीने रेघा आखायच्या असतील तर आख, त्याने माझं काही बिघडलं नाही, टाके खरंच सरळ आले. बिघडलं ते दोरा आवळल्यामुळे. प्रत्येक फेरीनंतर थांब, मध्यापासून काठाकडे हात फिरव. टाके लहान-मोठे होतील. बाळ ते मोजणार नाही, आणि धाकट्याने मोजले तर पुढचं दुपटं त्याच्याकडून शिवून घे. रोज थोडंच शिव, पाठ धरली की ऊठ. पोट आलं तर उसवू नकोस. चुणी घाल आणि त्यावर ठिगळ लाव. ठिगळासाठी काही ठेवून देऊ नकोस, वेळ आली की जे चांगलं असेल तेच लाव.

साडी तू बिघडवशील अशी तुला भीती आहे. मी एक साडी न बिघडवता ठेवली होती, तिचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

या पत्रासोबत एक छोटी पुडी पाठवते आहे. त्यात आईच्या साडीचे उरलेले, जीव नसलेले थोडे तुकडे आहेत. धुतलेले आहेत. ते वर लावू नकोस, टिकणार नाहीत. दुपट्याच्या आत घाल. कुणाला दिसायचे नाहीत.

बाकी आईच्या साडीचं इथे उरलं आहे ते असं. वरचे पांढरे चौकोन विरत आले आहेत. माझ्या पलंगावरच्या गोधडीच्या दोन कोपऱ्यांना पदराचे दोन तुकडे आहेत. एकाची कड झिजली आहे. आतले तुकडे आहेत की त्यांची नुसती ऊब आहे, हे गोधडी उसवल्याशिवाय कळणार नाही. मध्यावरचं ठिगळ शाबूत आहे. धुऊन धुऊन त्याचा निळा काठ फिका पडला आहे, पण ओळखू येतो. आज सकाळी गोधडी गॅलरीत टाकण्याआधी मी ते ताणून बघितलं. त्यात अजून जीव आहे.